४१ पतसंस्था, ४ व्हीएम आणि ४६ लाखांचं कोटेशन

पत्र:

"ताई नमस्कार. मी सांगलीतल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत आहे, आम्ही सगळे मिळून ११ जण. पतसंस्थांचं सॉफ्टवेअर करतो, सध्या ४१ पतसंस्था आहेत. प्रत्येकीचा डेटाबेस वेगळा, ॲपचे कंटेनर (ॲप आणि त्याला लागणारं सगळं बंद केलेले डबे) पण वेगळे. पिग्मी एजंटांच्या मोबाईलचं सिंक, एसएमएस आणि रिपोर्ट या सर्व्हिस मात्र सगळ्यांना मिळून एकच. मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये ४ व्हीएम, म्हणजे आभासी सर्व्हर, भाड्याने आहेत, महिना ३८ हजार, त्यावर हे कंटेनर डॉकर कंपोझने चालवतो. हे सगळं ज्या मुलाने उभं केलं तो दोन वर्षांपूर्वी पुण्याला गेला, अजून अडलं की त्यालाच फोन करतो. वर्षभरात दोनदा मोठा गोंधळ झाला. ३१ मार्चला संध्याकाळी रिपोर्टच्या सर्व्हिसने सगळी मेमरी खाल्ली आणि पिग्मीचं सिंक बंद पडलं. ऑगस्टमध्ये लॉगने डिस्क भरली. आता एका व्हेंडरने आमच्या ऑफिसमध्येच ३ सर्व्हरचं एंटरप्राइझ कंटेनर क्लस्टर (सगळी मशीन जोडून एकासारखी चालवायची) सुचवलंय, ३ वर्षांचे ४६ लाख अधिक जीएसटी. दुसरा पर्याय क्लाउडवरचं मॅनेज्ड क्लस्टर, महिना १ लाख ४० हजार. नवीन डेव्हलपर म्हणतो कुबरनेटीस, म्हणजे असं क्लस्टर चालवणारं सॉफ्टवेअर, करायलाच पाहिजे, मालक म्हणतात तू सांग. एका पतसंस्थेकडून वर्षाला सरासरी १ लाख ८० हजार एएमसी (देखभालीची फी) येते. परवडेल का हो हे?"
सर्व्हरवाला, सांगली

नमस्कार सर्व्हरवाले,

उत्तर आधीच देऊन टाकते, कारण मालक टेबलाशी येऊन उभे असणार. ४६ लाखवालं नको. १ लाख ४० वालं पण आत्ता नको. आणि तरी तुमचा तो डेव्हलपर उगाच काहीतरी बोलतोय असं नाहीये, त्याचा एक मुद्दा बरोबर आहे, फक्त तुमच्या पत्रात तो कुठे आलेलाच नाही. त्यावर येते नंतर.

आधी ते दोन गोंधळ बघू, कारण व्हेंडर येतो तो अशा गोंधळाच्या वासावरच येतो. ३१ मार्चला झालं काय, तर रिपोर्टच्या कंटेनरला मेमरीची मर्यादाच घातलेली नव्हती. चाळीत एका बिऱ्हाडाने नळाला पाईप लावून सगळी पिंपं भरली की बाकीच्यांच्या बादल्या कोरड्या, तसं झालं. याला कंपोझच्या फाईलमध्ये त्या सर्व्हिसखाली मेमरी लिमिटची एक ओळ लागते. एकच. आणि ही ओळ कुबरनेटीसमध्ये पण तुम्हालाच लिहावी लागते हो, ती आपोआप येत नाही. लिमिट न घातलेला पॉड (तिथे कंटेनर यातच चालतो) तिथेही अख्ख्या नोडची, म्हणजे त्या मशीनची, मेमरी खातो, आणि मेलाच तर क्लस्टर त्याला परत उभा करेल, कदाचित दुसऱ्या मशीनवर, तिथे तो तीच भूक घेऊन जाईल.

लॉगचं पण तसंच. डॉकर लॉग, म्हणजे कधी काय झालं त्याची नोंद, लिहितो ती फाईल मुळात कितीही वाढू शकते, कुणी सांगितल्याशिवाय तिला कात्री लागत नाही. एका फाईलचा कमाल साइझ आणि फाईल किती ठेवायच्या, अशा दोन ओळी डॉकरच्या कॉन्फिगमध्ये घाला, आणि कंटेनर नव्याने बनवा, नुसते रिस्टार्ट करून भागत नाही, जुन्या कंटेनरला नवीन सेटिंग लागू होत नाही, यात बरेच जण फसतात. कुबरनेटीस असतं तर ही डिस्क भरली नसती हे मान्य, कारण तिथे १० एमबीच्या ५ फाईल झाल्या की जुन्या उडतात. पण मग पुढच्या आठवड्यात एखाद्या संस्थेचा मॅनेजर विचारतो की अमुक तारखेला आमच्या एजंटचं कलेक्शन का चढलं नाही, तेव्हा तुमच्या हातात काहीच नसतं. आणि सर्ट-इनने, म्हणजे केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षेच्या संस्थेने, एप्रिल २०२२ मध्ये काढलेल्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस ठेवायचे असतात, भारतातच. म्हणजे आधी लॉग दुसऱ्या मशीनवर पाठवायची सोय, मग कात्री. क्लस्टर असो नसो, हे काम तुमच्या मानेवर आहेच.

तर तीन ओळींची कामं आहेत ही. तीन ओळींना ४६ लाख.

आता व्हेंडर म्हणाला असेल की लोड वाढला की हे आपोआप वाढतं, ऑटोस्केलिंग. मी पैजेवर सांगते की म्हणाला असेल. पण तुमचा लोड कसा आहे ते बघा ना. सकाळी साडेदहाला काउंटर उघडतात, संध्याकाळी एजंट लोक पिग्मी भरून घरी येतात तेव्हा सिंकची गर्दी, रात्री शुकशुकाट, आणि वर्षातून एकदा मार्चएंड. ज्या लोडची तारीख कालनिर्णयवर छापून येते त्याच्यासाठी ऑटोस्केलिंग कशाला लागतं? २५ मार्चला एक व्हीएम मोठी करून घ्या, १० एप्रिलला परत लहान करा, कॅलेंडरवर लाल पेनाने गोल काढून ठेवा. रात्रीतून दहापट गिऱ्हाईक येणाऱ्यांची गोष्ट वेगळी. पतसंस्थेचे सभासद रात्रीतून दहापट होत नाहीत, झाले तर सहकार खात्याची माणसं तुमच्याआधी तिथे पोचलेली असतील.

बरं आता पैसे. ४६ लाख भागिले ३६ महिने म्हणजे महिन्याला साधारण १ लाख २८ हजार. भागिले ४१, म्हणजे एका पतसंस्थेमागे महिन्याला ३,१०० च्या वर. तुम्हाला एका संस्थेकडून महिन्याला १५ हजार मिळतात. आज त्यातले नऊशे-सव्वानऊशे सर्व्हरला जातात. जीएसटी यात मी धरला नाही, तो १८ टक्के तुम्ही तुमच्या बिलावर पण लावता, त्यामुळे क्रेडिट मिळून जाईल, फक्त आठ-सव्वाआठ लाख काही महिने अडकून पडतील, ते अकाउंटवाल्यांना सांगून ठेवा.

पण हे नुसतं लोखंड आणि लायसन. दारात हत्ती बांधायचा तर माहूत पण लागतो, आणि कोटेशनमध्ये माहूत कधीच नसतो. हे नीट सांभाळू शकेल असा एक माणूस तुम्हाला जास्तीचा लागेल. एक म्हणजे एक, कारण दुसरे तुम्ही, एकट्याच्या जिवावर क्लस्टर चालवायचं नसतं, तो लग्नाला गेला की संपलं. समजा तो महिना ८० हजारांना सांगलीत यायला तयार झाला (तयार होईल का, हा वेगळाच प्रश्न, तुमचा आधीचा मुलगा कुठे गेला बघा) तर ते झाले संस्थेमागे आणखी १,९५०. म्हणजे १५ हजारातले ५ हजार, सरळ एक तृतीयांश. हे मालकांना असं सांगा, ४६ लाख म्हणून सांगू नका. ४६ लाख ऐकून माणूस घाबरतो किंवा फुशारतो, "१५ तले ५" ऐकलं की हिशोब करायला लागतो.

आणि ते तीन सर्व्हर कुठे ठेवणार म्हणालात? ऑफिसमध्ये! सांगलीत! पत्रात मजला लिहिला नाहीत म्हणून विचारते, २०१९ च्या ऑगस्टमध्ये तुमच्या ऑफिसात पाणी किती आलं होतं? आणि २०२१ च्या जुलैमध्ये? क्लस्टरची सगळी गंमतच ही की एक मशीन मेलं तरी बाकीची चालू राहावीत, पण तिन्ही मशीन एकाच रॅकमध्ये, एकाच यूपीएसवर, एकाच स्विचला, आणि बाहेर जायला एकच फायबर, तर कृष्णामाईला तीन वेगवेगळ्या फेऱ्या मारायची गरजच नाही. आज तुमचं सगळं मुंबईच्या डेटा सेंटरमध्ये आहे, तिथे जनरेटर आहेत, दोन-तीन लाईन आहेत, पहारा आहे, आणि ते सोडून तुम्ही जास्त पैसे देऊन तळमजल्यावर येणार. तळमजला नसेल तर माफ करा, पण मुद्दा तोच.

तीनच का असं मालक विचारतील, दोनमध्ये भागवा म्हणतील, मालक लोक म्हणतातच. तर क्लस्टरचं सगळं वहीखातं एटसीडी नावाच्या डेटाबेसमध्ये असतं आणि त्याला प्रत्येक निर्णयाला बहुमत लागतं, संचालक मंडळाच्या कोरमसारखं. तिघांत एक गेला तरी दोघांचं बहुमत होतं. दोघांत एक गेला तर उरलेल्या एकट्याचा कोरम होत नाही, म्हणजे दोन ठेवून एकापेक्षा जास्त धोका. म्हणून ३, नाहीतर ५. आणि तीन घेतले तरी तिन्ही भरून वापरता येत नाहीत, एक मेल्यावर त्याचं काम उरलेल्या दोघांत मावायला पाहिजे, म्हणजे पैसे तीनचे आणि वापर दोनचा. डिस्कचं आणखी वाईट, स्टोरेज पण क्लस्टरमध्येच घेतलं तर सेफ किंवा लाँगहॉर्न ही त्यासाठीची सॉफ्टवेअरं प्रत्येक गोष्टीच्या तीन प्रती ठेवतात, १ टीबीला ३ टीबी. त्यात तुमचे ४१ डेटाबेस घालायचे आणि मग ते हळू का चालतायत म्हणून शोधत बसायचं. डेटाबेस कृपा करून बाहेर ठेवा, कुठलाही पर्याय घ्या, हे एवढं तरी ऐका. आणि डेटाबेस बाहेर ठेवला की क्लस्टरमध्ये उरतं काय, तर कधीही मारून परत उभे करता येतील असे हलके कंटेनर, जे आत्ता कंपोझमध्ये पण तसेच आहेत.

लायसनबद्दल थोडं, कारण कोटेशनमध्ये प्रॉडक्ट कोणतं ते तुम्ही लिहिलं नाहीत. ओपनशिफ्ट, म्हणजे विकतचं कुबरनेटीस, असेल तर त्याचं सबस्क्रिप्शन साधारण प्रोसेसरमधल्या कोरच्या जोडीवर मोजतात. मोठ्या क्लस्टरमध्ये फक्त कंट्रोल प्लेन, म्हणजे क्लस्टरचा मेंदू, चालवणारे सर्व्हर त्या मोजणीतून सुटतात, पण तुमचे तीनच सर्व्हर आहेत, त्यांच्यावरच ॲप पण चालणार, म्हणजे तिन्ही मोजले जाणार. व्हेंडरला जास्त कोरवाले सर्व्हर विकायला का आवडतं ते आता कळेल. आणि खाली व्हीएमवेअर (एका सर्व्हरच्या अनेक व्हीएम करणारं सॉफ्टवेअर) टाकून वर क्लस्टर असा दुमजली प्रकार असेल तर लायसन पण दुमजली. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर घेतल्यापासून एकदा पैसे भरून कायमचं लायसन हा प्रकारच बंद झाला, आता फक्त सबस्क्रिप्शन, आणि एका सीपीयूमागे किमान १६ कोर धरतात, मग तुमच्या सीपीयूला ८ का असेनात. व्हेंडरला दोनच प्रश्न विचारा: चौथ्या वर्षी किती, आणि व्हर्जन अपग्रेड कोण करणार, कोटेशनमध्ये कुठल्या ओळीत लिहिलंय ते दाखवा. "इन्स्टॉलेशन अँड कमिशनिंग" या ओळीत अपग्रेड येत नाही. तो हसून "सर ते बघून घेऊ" म्हणाला की समजा नाही आहे. आणि हो, तो आरबीआय कंप्लायन्सचा धाक घालत असेल तर पतसंस्था बँकिंग परवान्यावर चालत नाहीत, त्यांचा कायदा महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० आणि त्यांचं खातं सहकार खातं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहिती आहे, त्याला पण माहिती करून द्या.

क्लाउडवाल्या पर्यायाला मी एवढी नावं ठेवणार नाही. ॲमेझॉनच्या मॅनेज्ड क्लस्टरच्या कंट्रोल प्लेनला तासाला १० सेंट पडतात, महिन्याचे ७३ डॉलर, साधारण सहा-साडेसहा हजार रुपये, गूगलचं पण तेवढंच पण एका लहान क्लस्टरपुरतं ते क्रेडिटमध्ये परत देतात, मायक्रोसॉफ्टच्या साध्या पर्यायात कंट्रोल प्लेनचे पैसेच नाहीत. म्हणजे ज्याची किंमत जाहिरातीत दिसते तो भाग सगळ्यात स्वस्त. पैसे जातात ते आजूबाजूला. टेस्टिंगला वेगळं क्लस्टर पाहिजे, नाहीतर प्रयोग कुठे करणार. लोड बॅलन्सर, येणारं काम मशीनमध्ये वाटणारा. नॅट गेटवे, आतल्या मशीनची बाहेर जायची वाट, जो तासावर पण पैसे घेतो आणि जीबीवर पण. ॲमेझॉनवर फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक पब्लिक आयपीला तासाला अर्धा सेंट. शिवाय मशीनची सगळी मेमरी तुम्हाला मिळत नाही, गूगलच्या क्लस्टरमध्ये ८ जीबीच्या नोडमधले १.८ जीबी आधीच राखीव जातात, आणि नोड जितका लहान तितका हा वाटा मोठा. आणि एक खास तुमच्यासारख्यांना नडणारी गोष्ट, ॲमेझॉनवर टी-थ्री-मीडियम नावाच्या मशीनवर सेटिंग न बदलता फक्त १७ पॉड बसतात, कारण प्रत्येक पॉडला आयपी पाहिजे आणि त्या मशीनला तेवढेच मिळतात. त्या १७ मध्ये सिस्टिमचे तीन-चार आधीच बसलेले. तुमचे ४१ संस्थांचे दोन-दोन कंटेनर धरले तर ८२, मेमरी रिकामी पडलेली आणि पॉड दारात उभे, असं व्हायचं. सेटिंग बदलून हा आकडा वाढवता येतो, पण ते माहिती असायला लागतं, आणि नसलं की लोक सरळ अजून चार मशीन घेतात. मला शंका आहे की तुमच्या १ लाख ४० हजारात असे काही नोड घुसलेले असावेत, मोजून बघा.

आता माहुताचं काम नेमकं काय ते सांगते, कारण "एकदा बसवलं की झालं" असं सगळ्यांना वाटतं, मला पण वाटलं होतं. कुबरनेटीसच्या वर्षाला ३ व्हर्जन येतात आणि एक व्हर्जन साधारण १४ महिने सांभाळतात. त्यानंतर ॲमेझॉन तुमचं जुनं क्लस्टर चालू ठेवतं, पण तासाला १० च्या जागी ६० सेंट लावून, म्हणजे ७३ डॉलरचे ४३८. हा आळसाचा दंड आहे आणि मी तो भरणाऱ्या कंपन्या बघितल्यात. आणि नुसतं क्लस्टर नाही, त्याच्या आजूबाजूची दहा खेळणी, प्रत्येकाचं स्वतःचं वेळापत्रक. इन्ग्रेस-एंजिनएक्स घ्या, बाहेरची रिक्वेस्ट आत आणणारा दरवाजा, वर्षानुवर्षं जो तो तोच वापरायचा, नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झालं की मार्च २०२६ नंतर तो सांभाळला जाणार नाही. आता ज्यांच्याकडे तो आहे त्यांनी दरवाजा बदला. यात त्यांची चूक काही नाही, फुकट काम करणारी दोन-चार माणसं थकली, पण दरवाजा बदलायचं काम तुमच्या अंगावर.

आणि अपग्रेड म्हणजे बटण दाबलं असं नसतं. रेडिटचं १४ मार्च २०२३ चं उदाहरण आहे, ३१४ मिनिटं साइट बंद होती. १.२३ वरून १.२४ वर जात होते, त्या व्हर्जनमध्ये कंट्रोल करणाऱ्या नोडवरचं "मास्टर" हे लेबल काढून टाकलेलं, आणि त्यांच्या नेटवर्कचं एक जुनं कॉन्फिग त्याच लेबलवर टेकलेलं होतं. एक शब्द. आणि त्यांच्याकडे यासाठी अख्खी टीम आहे, तुमच्याकडे तुम्ही आहात.

माझं स्वतःचं सांगते म्हणजे मी शहाणपणा शिकवतेय असं वाटायला नको. एका कंपनीत, नाव नको, मीच हट्टाने क्लस्टर बसवलं होतं, कुबएडीएम हे कुबरनेटीस बसवायचं हत्यार वापरून, तीन नोडचं, बसवून झाल्यावर सगळ्यांना पेढे. त्या क्लस्टरच्या आतल्या सर्टिफिकेटची मुदत एक वर्ष असते. अपग्रेड केलं की ती आपोआप वाढते, म्हणजे नियमाने वागणाऱ्याला कधी कळतच नाही की मुदत आहे. आम्ही वर्षभर अपग्रेड केलं नाही, चालतंय ना, हात कशाला लावा. पुढच्या वर्षी कोजागिरीच्या रात्री गच्चीवर दूध आटत होतं आणि फोन आला की नवीन बिल्ड चढत नाहीये. बघते तर क्लस्टर ओळखच दाखवेना. गंमत म्हणजे चालू असलेले कंटेनर चालूच होते, गिऱ्हाइकाला काही कळलं नव्हतं, पण आता एखादा नोड जरी मेला असता तर त्याच्यावरचे कंटेनर दुसरीकडे उठणार नव्हते. रात्री अडीचपर्यंत एकेक नोडवर जाऊन सर्टिफिकेटं नवीन केली. दूध काही मिळालं नाही. या प्रकाराचा खर्च तुम्ही कुठल्या रकान्यात लिहिणार?

बरं, आता डेव्हलपरचं काय बरोबर आहे ते. तुमची खरी अडचण तुम्ही पत्रात सहज लिहून पुढे गेलात, ४१ संस्थांचे ४१ वेगळे कंटेनर. मी अंदाज करते की त्यातल्या सगळ्या एका व्हर्जनवर नाहीत. कुणाच्या चेअरमनने पासबुकचा फॉरमॅट वेगळा मागितला म्हणून त्यांची प्रत वेगळी, कुणाचं व्याजाचं गणित वेगळं म्हणून त्यांची वेगळी, आणि नवीन व्हर्जन द्यायचं तर तुम्ही रविवारी सकाळी बसून एकेक करत जाता, ३० व्या संस्थेपर्यंत जेवायची वेळ होते आणि उरलेल्या पुढच्या रविवारी. असं असेल तर तुमचा डेव्हलपर वैतागलाय तो यामुळे, आणि यात कुबरनेटीस खरंच कामाचं आहे. "ही ४१ संस्थांची यादी, यांना हे व्हर्जन पाहिजे" असं लिहून ठेवायचं आणि ते तसं करून घ्यायचं, बिघडलं तर मागे जायचं, हे त्याला उत्तम येतं. त्यासाठीच ते जन्माला आलंय.

पण ४१ वेगवेगळ्या प्रती क्लस्टरमध्ये टाकल्या तर क्लस्टरमध्ये ४१ वेगवेगळ्या प्रती होतात, बाकी काही नाही. आधी प्रत एक करा. एकच इमेज, म्हणजे कंटेनर बनवायचा साचा, आणि प्रत्येक संस्थेचा वेगळेपणा एका सेटिंगच्या फाईलमध्ये. हे काम चार-सहा महिन्यांचं आहे, कंटाळवाणं आहे, डेव्हलपरलाच करावं लागेल, आणि यात व्हेंडरला एक रुपया मिळत नाही त्यामुळे तुम्हाला हे कुणी सुचवणार नाही. हे झालं की ४१ ठिकाणी व्हर्जन चढवायला अँसिबल या हत्याराची (एकच काम अनेक मशीनवर करून घेणारं) एक फाईल पुरते, रविवार मोकळा. आणि हे झाल्यावर मग ज्या दिवशी खरंच क्लस्टर घ्याल त्या दिवशी ते आठवड्याभरात होईल, म्हणजे हे कष्ट कुठल्याच वाटेने वाया जात नाहीत.

कधी घ्यायचं मग? माझा अंदाज, संस्था ४१ च्या १०० वर गेल्या, किंवा आठवड्यातून तीन-चारदा व्हर्जन चढवायला लागलात, किंवा एखादी मोठी मल्टिस्टेट संस्था आली जिचा करार म्हणतो की दिवसा दहा मिनिटंसुद्धा बंद चालणार नाही, आणि या कशाच्याही आधी, तुमच्याकडे हे कळणारी दोन माणसं पगारावर असतील तेव्हा. आजपासून एक वही घाला. मशीन स्वतःहून मेलं किती वेळा आणि आपण आपल्या हाताने पाडलं किती वेळा, दोन रकाने. सहा महिन्यांनी बघा. पहिला रकाना जवळजवळ रिकामा असणार, आणि क्लस्टर त्या पहिल्या रकान्याचं औषध आहे.

मधले पर्याय आहेत, पटकन सांगते. डॉकर स्वार्म अजून चालतं, तुमच्या कंपोझच्या फाईल थोड्या बदलून वापरता येतात, पण नवीन मुलांना ते शिकायला लाज वाटते. ॲमेझॉनचं ईसीएस, त्यांची स्वतःची कंटेनर चालवायची सोय, त्याच्या कंट्रोल प्लेनला पैसे नाहीत आणि अपग्रेडची कटकट बरीच कमी, मुंबईत आहे, कधी क्लाउडवर जायचंच झालं तर मी तुम्हाला आधी तिथे पाठवेन. थर्टीसेव्हन सिग्नल्स या कंपनीने २०२२ मध्ये क्लाउड सोडायचं जाहीर केलं आणि स्वतःच्या सर्व्हरवर कंटेनर चढवायला कमल नावाचं साधं हत्यार बनवलं, ते तुमच्या ४ व्हीएमवर आहे तसं चालेल, फुकट आहे. आणि के-थ्री-एस, रँचरवाल्यांनी २०१९ मध्ये आणलेलं हलकं कुबरनेटीस, १०० एमबीच्या आतली एक फाईल, जुन्या डेस्कटॉपवर पण पळतं.

या शेवटच्याचा उपयोग करा. ऑफिसात एखादा जुना डेस्कटॉप पडलेला असेलच, त्यात रॅम टाका आणि त्या मुलाला द्या, म्हणावं टेस्टिंगचं सगळं यावर के-थ्री-एसमध्ये चालव. अट दोन. वर्षातली तिन्ही अपग्रेड त्यानेच करायची, आणि मधे एकदा तुम्ही न सांगता त्याची डिस्क काढून घेणार, त्याने बॅकअपवरून सगळं परत उभं करायचं. जमलं तर पुढच्या दिवाळीला त्याच्याबरोबर बसून परत हिशोब करा, तेव्हा कदाचित मी पण त्याच्या बाजूने बोलेन. नाही जमलं तर त्याचं त्यालाच कळेल. पण त्याला नुसतं "नाही" म्हणू नका. त्याला हे शिकायचंय, आणि सांगलीत शिकायला मिळालं नाही तर तो पण पुण्याला जाईल आणि मग तुम्ही दोघांना फोन करत बसाल.

आणि पैसे खर्चायचेच असतील मालकांना, तर एक पाचवी व्हीएम घ्या, मुंबईत नाही, दुसऱ्या शहरातल्या डेटा सेंटरमध्ये, आणि रोज रात्री ४१ डेटाबेसचे बॅकअप तिकडे जाऊ द्या. मग एका रविवारी त्यातली एक पतसंस्था तिकडे रिकाम्या मशीनवर उभी करा, घड्याळ लावून, ज्यांनी हे पूर्वी कधी केलं नाही अशा माणसाकडून. पहिल्या वेळी किती तास लागले ते मला जरूर कळवा, मी हसणार नाही, माझे अकरा लागले होते.

हां, आणि तो पुण्याला गेलेला मुलगा, ज्याला तुम्ही अजून फोन करता. तो भला माणूस असेल, पण त्याची एसएसएच की, म्हणजे लांबून सर्व्हरमध्ये शिरायची किल्ली, त्या चारही व्हीएमवर अजून असणार. त्याला एक शेवटचा फोन करा, जे जे त्याच्या डोक्यात आहे ते लिहून घ्या, त्या कामाचे पैसे द्या, आणि की आजच काढा.